मांजराचा शिधा

इतिहास म्हटला म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. फार झालें तर दुष्काळ आणि जमीनमहसूल. जनावरांपैकीं घोड्यास आणि हत्तीस त्यांत जागा मिळते ती त्यांच्या पाठीवर बसणारांमुळें, आणि गाईबैलांस मिळते ती शेतीमुळें. चुलीजवळ अंगाची वळकटी करून निजणारें मांजर मात्र इतिहासाच्या पानांत क्वचितच शिरतें. आणि तरी माणसानें जेथें जेथें धान्य सांठविलें, तेथें तेथें घरच्या जमाखर्चांत त्याचें नांव कोठें ना कोठें आढळतें. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या जमाखर्चाची एक बाजू पाहणार आहों. मांजराला खावयास कोणी घातलें, काय घातलें, किती घातलें, आणि त्याच्या अंगावरील केंसांची काळजी कोणाच्या शिरावर होती, हा आमचा प्रश्न. दिसावयास तो क्षुद्र आहे खरा. पण उत्तर शोधूं लागल्यावर असें आढळतें कीं, माणूस आणि मांजर यांच्या साऱ्या सहवासांत बहुतेक सर्व काळ माणसानें मांजराला पुरतें जेवूं घातलेंच नाहीं. घालावें अशी अपेक्षाही कोणाची नव्हती. ती जबाबदारी गेल्या पाऊणशें वर्षांत आमच्यावर येऊन पडली आहे, आणि ती पडल्यावरच मांजराचें पोट म्हणजे काय वस्तु आहे हें आम्हांस कळूं लागलें.

भूमध्यसमुद्रांतील सायप्रस बेटावर शिलूरोकाम्बोस नांवाच्या ठिकाणीं फ्रेंच संशोधकांना एक थडगें सांपडलें. त्याची हकीकत २००४ सालीं प्रसिद्ध झाली. थडगें सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींचें. त्यांत एका माणसाचा सांगाडा आहे आणि त्यापासून हातभर अंतरावर सुमारें आठ महिन्यांच्या मांजराचा. त्या बेटावर रानमांजरें मूळचीं नव्हतीं. तेव्हां तें जनावर किंवा त्याचे पूर्वज नावेंत बसून आले असले पाहिजेत. आजचीं घरगुती मांजरें पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका या बाजूच्या रानमांजरापासून उतरलीं आहेत, असें आनुवंशिक तपासणीवरून ठरलें आहे. शेती आली, कोठारें आलीं, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागोमाग मांजर आलें. त्यास कोणी बोलाविलें नाहीं, आणि कोणी हांकूनही दिलें नाहीं. कुत्र्याशीं माणसानें करार केला. मांजराच्या बाबतींत नुसता कानाडोळा केला, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं.

चीन देशांत शेन्सी प्रांतांतील क्वानहूत्सुन या गांवीं सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचीं मांजरांचीं हाडें मिळालीं. हाडांतील रासायनिक खुणांवरून त्या प्राण्यानें काय खाल्लें हें आतां ताडतां येतें. त्यांतील एका मांजरानें मांस अपेक्षेपेक्षां कमी आणि राळ्यासारखें भरड धान्य जास्त खाल्लें होतें असें दिसून आलें. माणसाच्या ताटांतलें उरलेंसुरलें त्याच्यापर्यंत पोंचत होतें, असा त्याचा सरळ अर्थ. पुढें असें निघालें कीं तीं हाडें आपल्या घरगुती मांजराच्या कुळाचीं नव्हेत, अंगावर ठिपके असणाऱ्या एका निराळ्याच रानमांजराच्या जातीचीं आहेत. आमच्या मतें त्यानें गोष्टीची गोडी वाढते. कोठाराजवळ येऊन उष्ट्यावर राहण्याचा हा व्यवसाय एकाहून अधिक जातींनीं करून पाहिला, आणि त्यांतली एकच टिकली.

इजिप्तची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून ती लांबवीत नाहीं. घरचें मांजर मेलें म्हणजे घरांतील माणसें भुंवया काढून टाकीत असें हिरॉडोटस सांगतो. त्या भक्तीचा शेवट काय झाला म्हणाल तर १८९० सालीं मांजरांच्या सुमारें १,८०,००० ममी लिव्हरपूल बंदरांत उतरल्या आणि शेतांत खत म्हणून घालण्यासाठीं विकल्या गेल्या. पण आम्हांस अधिक मोलाची वाटते ती ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत इजिप्तमध्यें गेलेल्या डायोडोरस सिक्युलस याची एक लहानशी नोंद. मांजर मारल्याबद्दल एका रोमन माणसास जमावानें ठार केलें तो प्रकार यानें स्वतः पाहिला. तो सांगतो कीं, तेथील पवित्र मांजरांचे सेवक दुधांत भाकरी कुसकरीत आणि तोंडानें चुचकारून मांजरांस बोलावीत. नाहीं तर नाईल नदीचे मासे कापून कच्चेच त्यांच्यापुढें घालीत. म्हणजे नाईलकांठचा पुजारी आणि आमच्याकडील आजीबाई यांची या बाबतींत पूर्ण एकवाक्यता आहे, फक्त पुजारी मासे घालावयास विसरत नसे.

मध्ययुगीन युरोपांत मांजराचें देवपण गेलें, पण किंमत राहिली. आणि ती आतां देवळांतून कायद्यांत आली. वेल्सचा दहाव्या शतकांतील राजा हायवेल द्दा याच्या नांवानें चालत आलेल्या कायद्यांत मांजराचा भाव बांधून दिला आहे. जन्मल्या रात्रीपासून डोळे उघडेपर्यंत एक पेनी, डोळे उघडल्यापासून उंदीर मारीपर्यंत दोन पेन्स, आणि उंदीर मारूं लागल्यावर चार पेन्स. राजाच्या कोठारावरील मांजर कोणी मारलें, तर त्याचें प्रेत शेपटीस धरून डोकें जमिनीस टेकेल असें टांगावें आणि शेपटीचें टोंक झांकेपर्यंत त्यावर गहूं ओतावा. तो ढीग हाच दंड. मांजराची किंमत धान्याच्या मापानें मोजावी असें त्या कायदेकारांस वाटलें, यांत त्या जनावराच्या साऱ्या नोकरीचें मर्म आलें.

नोकरी म्हटली म्हणजे वेतन आलें. इंग्लंडांतील एक्झिटर येथील कॅथीड्रलच्या हिशेबवह्यांत १३०५ पासून १४६७ पर्यंत मांजराच्या नांवें आठवड्यास एक पेनी खर्च पडलेला आहे. रखवालदार आणि मांजर हे दोघे नोंदींत एकाच ओळींत उभे आहेत. १५९८ सालीं तेथील बिशप विल्यम कॉटन यानें दारास मांजरापुरतें भोंक पाडण्याबद्दल सुताराचे पैसे चुकते केले. पेनी आणि भोंक या दोन बाबी मिळून त्या काळची सारी व्यवस्था सांगून टाकतात. पेनीनें कांहीं पोट भरावें, उरलेलें भोंकांतून बाहेर जाऊन मांजरानें स्वतः भरावें. पुढें १८६८ सालीं लंडनच्या पोस्टखात्यांतील मनीऑर्डर कचेरींत उंदीर फार झाले, तेव्हां तीन मांजरें सहा महिन्यांच्या कराराने नेमण्यांत आलीं आणि तिघांस मिळून आठवड्यास एक शिलिंग मंजूर झाला. मागणी त्याहून मोठी होती. ती कापतांना वरिष्ठांनीं असा शेरा मारला कीं बाकीची प्राप्ति मांजरांनीं उंदरांतून करून घ्यावी, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास हा भत्ताही कमी करावा. सरकारी कचेऱ्यांशीं ज्यांचा संबंध आला आहे त्या वाचकांस या शेऱ्याची भाषा ओळखीची वाटेल.

त्या वरिष्ठांच्या शेऱ्यामागें एक सिद्धान्त होता आणि तो आजही घरोघर ऐकूं येतो. मांजराला भरपूर घातलें म्हणजे तें आळशी होतें; उपाशी ठेविलें म्हणजे उंदीर मारतें. हा सिद्धान्त खरा नाहीं. शिकारीची प्रेरणा आणि भूक या दोन गोष्टी मांजराच्या ठिकाणीं बऱ्याच अंशीं स्वतंत्र आहेत. पोटभर जेवलेलें मांजरही पालीमागें धांवतें हें कोणीही पाहिलें असेल. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मांसाचें प्रमाण अधिक असलेलें अन्न देतांच मांजरांनीं घरीं आणलेल्या शिकारींत ३६ टक्के घट झाली, आणि रोज पांचदहा मिनिटें त्यांच्याशीं खेळल्यानें २५ टक्के. म्हणजे मांजर बाहेर शोधीत असतें तें नुसतें अन्न नव्हे. आपल्या शरीरास जें नेमकें हवें तें अन्न. हा प्रयोग एक्झिटर विद्यापीठानेंच केला, हा योगायोग आम्हांस फार आवडला.

आतां आमच्या घराकडे वळूं. मांजराच्या पोटाविषयीं आमच्या पूर्वजांनीं विशेष विचार केला असें दिसत नाहीं. पण त्याच्या अंगाविषयीं केला. संस्कृत मार्जार शब्द मृज् या धातूपासून आला असें मानतात. मृज् म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें. मार्जन आणि संमार्जनी म्हणजे केरसुणी हे शब्द त्याच कुळांतले. तेव्हां आमचें ‘मांजर’ हें शब्दशः स्वतःस झाडून पुसून ठेवणारें जनावर ठरतें. इतर भाषांनीं त्याच्या आवाजावरून वा शेपटीवरून नांवें शोधलीं असोत. संस्कृतानें त्याचें चाटणें पाहिलें. पण याच स्वच्छतेला ढोंगाचा रंगही आमच्याकडेच चढला. मनुस्मृतींत दांभिकास बैडालव्रतिक म्हटलें आहे, आणि मामल्लपुरम येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिल्पांत मागल्या पायांवर उभें राहून, पुढचे पाय वर करून तप करणारें मांजर व त्याच्या पायांशीं जमलेले उंदीर आजही पाहावयास सांपडतात.

घरांतील व्यवहार याहून साधा होता. दूध, दहीं, लोणी शिंक्यावर टांगावयाचें, आणि मांजराच्या वाट्याचा दूधभात करवंटींत वा फुटक्या बशींत माजघराच्या कोपऱ्यांत घालावयाचा. ‘शिंक्याचें तुटलें आणि बोक्याचें साधलें’ ही म्हण ज्या घरांत जन्मली, त्या घरांत मांजराला खावयास घालण्याचें शास्त्र नव्हतें. मांजरापासून खाणें वांचविण्याचें होतें. कोंकणांत व गोव्यांत मासे निवडतांना मुंडकीं व आंतडीं त्याच्यापुढें पडत. देशावरच्या ब्राह्मणी घरांत तेंही नाहीं. तेथें पिढ्यान्‌पिढ्या मांजर दूधभातावर आणि दूधपोळीवर ‘वाढलें’, आणि त्यावरून कित्येक सज्जनांनीं असा सिद्धान्त बांधला कीं संगतीनें मांजरही शाकाहारी होतें. त्यांस एवढेंच दिसलें नाहीं कीं रात्रीं धाब्यावर, परसांत, गोठ्यांत तेंच मांजर आपला दुसरा हिशेब पुरा करीत होतें. आमच्या स्वयंपाकघरानें त्याला शाकाहारी केलें नव्हतें. त्याच्या जेवणाचा अर्धा भाग आम्हीं पाहिला नव्हता इतकेंच.

या दुसऱ्या हिशेबाकडे एकदां सरकारी वैद्याचें लक्ष गेलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, आणि उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा यांचा त्याशीं संबंध हळूहळू उघड झाला. तेव्हां अमरावतीस असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन यांनीं १९०८ सालीं ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतून असें मांडलें कीं ज्या गांवांत मांजरें पुरेशीं आहेत तेथें प्लेग शिरत नाहीं, सबब मांजरें पाळावीं. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसास लागूं शकतो हें आज ठाऊक असल्यामुळें हा उपाय कोणी सुचविणार नाहीं. तथापि वऱ्हाडांतील खेड्याच्या मांजराची बाजू एका शास्त्रीय नियतकालिकांत मांडली गेली, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

त्याच्या आधींच लंडन शहरांत निराळी व्यवस्था उभी राहिली होती. हेन्री मेह्यू यानें १८५१ सालच्या आपल्या ग्रंथांत मांजरांसाठीं मांस विकणाऱ्या फेरीवाल्यांचें वर्णन केलें आहे. म्हाताऱ्या व मेलेल्या घोड्यांचें मांस उकडून, त्याचे तुकडे काडींत ओंवून हे लोक ठरल्या वेळीं ठरल्या गल्लींतून जात आणि त्यांची हांक ओळखून मांजरें दारांत येऊन बसत. शहरांत मांजरें सुमारें ३,००,००० असावीं असा मेह्यूचा अंदाज होता. येथें प्रथमच मांजराच्या जेवणास वेळ आणि रोजची किंमत लागलेली दिसते. कोठारावरचें मांजर आतां बैठकींत आलें होतें. १३ जुलै १८७१ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वेअर या चित्रकारानें मांजरांचें प्रदर्शन भरविलें. मांजरास त्याच्या रूपाबद्दल बक्षीस मिळूं लागलें, आणि रूप म्हटलें कीं केंस आले.

लांब केंसांच्या मांजरास आपण ‘पर्शियन’ म्हणतों. या नांवाविषयींचा आक्षेप ज्या गृहस्थानें फार पूर्वीं नोंदविला तो आमच्या प्रांतास चांगला परिचित आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा पुण्यास रेसिडेंट व पुढें मुंबईचा गव्हर्नर होण्यापूर्वीं काबूलच्या दरबारीं वकील म्हणून गेला होता. काबूल शहर त्यानें पाहिलेंच नाहीं, पेशावरासच शहा शुजाची भेट झाली. पण त्या राज्याविषयीं त्याचा जाडजूड ग्रंथ १८१५ सालीं निघाला. त्यांत तो म्हणतो कीं लांब केंसांचीं मांजरें त्या देशांतून पुष्कळ बाहेर जातात आणि सर्वत्र तीं पर्शियन म्हणून ओळखलीं जातात. परंतु ज्या देशाचें नांव त्यांस मिळालें त्या देशांत तीं फारशीं नाहींत. स्थानिक नांव बुराक. पुढें १८३९ सालीं अर्विन नांवाच्या दुसऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या टिपणांत याच मांजराविषयीं असें आलें कीं केंस लांब वाढावे म्हणून काबूलचे लोक त्यास साबणानें धुतात व विंचरतात. मांजराच्या अंगाला माणसानें फणी लावल्याची याहून स्पष्ट जुनी नोंद आमच्या वाचनांत नाहीं. जें काम मार्जार या नांवानें मांजराचेंच ठरलें होतें, तें लांब केंसांबरोबर माणसाच्या हातीं आलें.

आणि तें यावयासच पाहिजे होतें. मांजराची जीभ हाताला खरखरीत लागते, कारण तीवर मागें वळलेले बारीक कांटे असतात. हे कांटे नुसते टोंकदार नसून टोंकाशीं पन्हळीसारखे पोकळ असतात व त्या पोकळींत लाळ चढते, असें अमेरिकेंतील जॉर्जिया टेक संस्थेच्या अलेक्सिस नोएल व डेव्हिड हू यांनीं २०१८ सालीं दाखविलें. चाटतांना ही लाळ थेट कातडीपर्यंत पोंचते. त्यानें केंस धुतले जातात आणि ती सुकतांना अंगही थंड होतें. याच संशोधकांना असेंही आढळलें कीं पर्शियन मांजराचे केंस इतके लांब व दाट असतात कीं जिभेचे कांटे कातडीपर्यंत पोंचतच नाहींत. निसर्गानें जिभेची लांबी ठरविली, केंसांची माणसानें. आणि दोहोंचा मेळ राहिला नाहीं.

कांटे मागें वळलेले असल्यामुळें त्यांत अडकलेला केंस थुंकून टाकणें मांजरास जमत नाहीं. तो गिळावाच लागतो. बहुतेक केंस विष्ठेवाटे जातात. जे पोटांत राहतात त्यांची गुंतवळ होते, आणि एखादे दिवशीं घसा खरवडल्यासारखा आवाज करीत, मान लांब करून मांजर ती गुंतवळ सतरंजीवर ओकून टाकतें. तिला केंसांचा गोळा म्हणतात, पण अन्ननलिकेंतून दाबली जाऊन येत असल्यामुळें ती बहुधा वातीसारखी लांबट असते. वैद्यक परिभाषेंत तिला ट्रायकोबेझोअर असें भारदस्त नांव आहे, आणि या नांवाच्या मागें एक मोठा इतिहास दडला आहे. बेझोअर हा मूळ फारशी पादजहर, म्हणजे विषाचा उतारा. इराणांतील रानबकऱ्यांच्या पोटांत केंस, काडी किंवा बी यांभोवतीं थरावर थर बसून जो खडा तयार होतो तो सर्व विषांवर चालतो, अशी समजूत आशियांत व युरोपांत शेंकडों वर्षें होती. १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथांत या खड्याची चर्चा आहे. खरे खडे मिळेनात, तेव्हां सतराव्या शतकांत गोव्याच्या जेसुइटांनीं शिंपल्यांचें चूर्ण, कस्तुरी, अंबर, रत्नांची भुकटी असे पदार्थ मळून, वर सोन्याचा वर्ख लावून कृत्रिम गोळे बनविले. ‘गोव्याचे खडे’ म्हणून ते युरोपांत जात, सोन्याच्या जाळीदार डब्यांत राहत, आणि त्यांचा कीस पेयांत घालून श्रीमंत लोक पीत. फ्रान्सच्या नवव्या चार्लस राजाजवळ असलेल्या अशाच एका बेझोअरची परीक्षा आंब्रोआज पारे या शस्त्रवैद्यानें केली. चोरीबद्दल फांशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्यास विष देऊन वर तो खडा पाजण्यांत आला; बिचारा कांहीं तासांत तळमळून मेला. जनावराच्या पोटांतली जी गांठ माणसानें सोन्याच्या डबींत जपली, तीच मांजरानें सतरंजीवर टाकली म्हणजे आपण केरसुणी शोधतों.

येथपर्यंतच्या साऱ्या काळांत मांजराला दार उघडें होतें. तें बंद झालें विसाव्या शतकांत. १९४७ सालीं अमेरिकेंत मिशिगन राज्यांत एडवर्ड लो नांवाच्या तरुणानें शेजारणीला मांजराच्या विधीसाठीं राखेऐवजीं पाणी शोषणारी दाणेदार माती दिली. त्यांतून मोठा धंदा उभा राहिला आणि मांजरास घराबाहेर जाण्याचें शेवटचें सबळ कारण उरलें नाहीं. डबाबंद अन्न त्याआधींच निघालें होतें. दुसऱ्या महायुद्धांत पत्र्याची टंचाई झाली तशी कोरड्या अन्नाची चाल वाढली. आतां मांजर दिवसरात्र घरांत, आणि त्याचें सारें अन्न माणसाच्या हातचें. इतक्या वर्षांत प्रथमच त्याचा दुसरा हिशेब बंद पडला. पहिल्या हिशेबांतील खोट उघडी पडण्यास वेळ लागला नाहीं.

१९७५ सालीं अमेरिकेंतील हेझ व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं ज्या मांजरांना प्रथिन म्हणून दुधांतील केसीन तेवढें दिलें, त्यांच्या डोळ्यांचा आंतला पडदा झिजत जातो आणि तीं आंधळीं होऊं लागतात. उणीव होती ती टॉरिन नांवाच्या द्रव्याची. हें द्रव्य १८२७ सालीं बैलाच्या पित्तांतून प्रथम वेगळें काढलें गेलें, म्हणून लॅटिन भाषेंतील बैलाचें नांव त्यास मिळालें. तें मांसांत व माशांत असतें, वनस्पतींत जवळजवळ नसतेंच, आणि गाईच्या दुधांत फार थोडें. कुत्रा व माणूस तें आपल्या शरीरांत बनवूं शकतात. मांजराला पुरेसें बनवितां येत नाहीं, आणि पित्तांतून तें सारखें खर्च होत असतें. पण एवढ्यानें कथा संपली नाहीं. १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन यांनीं याहून भयंकर गोष्ट प्रसिद्ध केली. हृदय फुगून निकामी होण्याचा जो विकार पाळीव मांजरांत सर्रास आढळत असे आणि ज्यावर उपाय नाहीं असें मानीत, त्याचेंही कारण हीच उणीव. आणि टॉरिन दिलें असतां तीं मांजरें बरीं होत. विशेष हें कीं तीं मांजरें गरिबाघरचीं, दूधभातावरचीं नव्हतीं. नामांकित कारखान्यांचें, ‘पूर्ण आहार’ म्हणून विकलेलें अन्न खाणारीं होतीं. त्यानंतर कारखानदारांनीं टॉरिनचें प्रमाण वाढविलें आणि तो विकार विरळा झाला. किती मांजरें त्यापूर्वीं गेलीं याची गणती कोणी ठेविली नाहीं.

याच सुमारास इतरही गोष्टी कळल्या. गाजराच्या पिंवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनविणें मांजरास साधत नाहीं. तें त्यास प्राण्यांच्या यकृतांतून आयतेंच हवें. २००५ सालीं फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेनें दाखविलें कीं गोड चव ओळखणारें एक जनुक मांजरांत मोडकें आहे. म्हणजे प्रेमानें पुढें केलेल्या पेढ्यांतील साखर त्यास कळतच नाहीं. तें चाटतें ती स्निग्धता. दुधाचें म्हणाल तर कित्येक मोठ्या मांजरांस त्यांतील साखर पचत नाहीं आणि पोट बिघडतें. फक्त कच्च्या मासळीवर ठेवावें, तर कांहीं माशांत ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें. नाईलकांठच्या पुजाऱ्याची मांजरें जगलीं तीं बहुधा देवळांत उंदीरही होते म्हणून.

हा सारा इतिहास आम्हीं सांगितला तो पुण्यामुंबईच्या आजच्या बिऱ्हाडांकडे पाहून. वाडा गेला, परस गेलें, शिंकेंही गेलें. मांजर मात्र सातव्या मजल्यावर खिडकीस जाळी लावून राहिलें आहे, आणि त्याच्यापुढें कित्येक घरांत अजून आजीचाच दूधभात आहे. त्यामागील माया खरी. पण ज्या परसानें ती माया पुरी केली तें आतां नाहीं. शाकाहारी कुटुंबास यांत धर्मसंकट वाटतें, आणि तें आम्ही हंसण्यावारी नेऊं इच्छीत नाहीं. मात्र त्यांतून मांजरास शाकाहारी करणें ही वाट नाहीं. मासे शिजवून निराळ्या भांड्यांत देणें, किंवा तयार पूर्ण आहार आणणें, किंवा मांजर न पाळणें, यांपैकीं एक निवडलें पाहिजे. कांदा-लसूण घातलेलें कालवण त्यास कोणत्याच घरांत देऊं नये. त्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात.

वेळांविषयीं उंदराच्या आकाराकडे पाहावें. एक उंदीर म्हणजे मांजराचा एक लहान घांस. रानांत तें दिवसभरांत असे अनेक घांस मिळवितें. सबब सकाळ-संध्याकाळ दोन मोठे ढीग घालण्यापेक्षां मोजून ठेवलेला शिधा चारपांच वेळां वांटून देणें त्याच्या पोटास मानवतें. भरलेली थाळी दिवसभर पुढें ठेवणें मात्र घरांत कोंडलेल्या मांजरास स्थूल करतें. नेमून दिलेल्या वेळा तें घड्याळाहून चोख पाळतें, आणि त्यांत आपण चुकल्यास तसें पहांटे कळवितें.

केंसांचें काम वेळेचें आहे, कौशल्याचें फारसें नाहीं. लांब केंसांच्या मांजरास रोज फणी, आंखूड केंसांच्या मांजरास आठवड्यांतून एकदोनदां. केंस गळण्याच्या दिवसांत अधिक. फणींत आलेला प्रत्येक केंस पोटांत जाण्याचा वांचला. काखेंत व पोटाखालीं केंसांच्या गांठी बसल्या असतील तर कात्री चालवूं नये. तेथील कातडी पातळ असून गांठीबरोबर वर उचलली जाते व कापली जाते. महिन्यांतून एखादे वेळीं गुंतवळ ओकली तर घाबरण्याचें कारण नाहीं. पण वारंवार उमासे येऊन कांहींच पडत नसेल, शौचास होत नसेल, पोटास हात लावूं देत नसेल, तर गुंतवळ आंतड्यांत अडकली असण्याचा संभव असतो, आणि मग पशुवैद्याची सुरी हाच उपाय उरतो. अशा वेळीं तोंड उघडून बळेंच तेल ओतण्याची चाल आहे. तें श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसास अपाय करतें. जेवण सुटलें तर वाट पाहत बसूं नये. विशेषतः स्थूल मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिलें तर त्याच्या यकृतांत चरबी सांचून तें दगावूं शकतें. कोठारावरचें मांजर एका जागीं रुसलें तरी दुसरीकडे जेवून येत असे. जाळीच्या आंतल्या मांजरास जेवावयास दुसरें घर नाहीं.